नवलनगरीची रंगीत तालीम

आमच्या घरात मंडईतून भाजी आणायची असली तरी आधी वाचन होतं. खरं सांगते. कोण कुठल्या बाजूनं शिरणार, पिशवी कोण धरणार, घासाघीस कोण करणार, सगळं ठरतं. सासरे नाटकवाले असले की असंच. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, इचलकरंजीत चाळीस वर्षं ‘चौथी घंटा’ नावाचं हौशी नाट्यमंडळ चालवलं. दिवसा सूतगिरणीत फिटर, संध्याकाळी दिग्दर्शक. मी त्या मंडळात नाटकात काम करायला आले आणि सून होऊन राहिले. माझं नाव मुग्धा, पण आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेत नीट पोचतो. आप्पा म्हणायचे, “हिचं बारसं करणाऱ्यांनी हिला रडताना ऐकलं नसणार.”

आप्पांचा एक नियम होता. साध्या तालमीत काहीही चालेल, रंगीत तालमीत खोटं काही चालणार नाही. नाटकात चहा असेल तर कपात चहाच पाहिजे. शिरा असेल तर माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घरून शिरा करून आणायचा. एका नाटकात नायक मिशी उतरवतो असा प्रसंग होता, तर आप्पांनी त्या बिचाऱ्याला रंगीत तालमीतच स्वतःची खरी मिशी उतरवायला लावली. मग प्रयोगाच्या दिवशी त्याला खोटी मिशी चिकटवून ती काढावी लागली. सगळं मंडळ आठवडाभर हसत होतं.

असा हा माणूस. प्रत्येक नटाचे संवाद त्यांना पाठ. नट अडखळला की विंगेतून शब्द यायचाच. पाच वर्षांपूर्वी एका तालमीत त्यांनी विंगेतून शब्द दिला आणि सगळे गोंधळून बघत राहिले. ते वाक्य त्या नाटकातलं नव्हतंच. वीस वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच नाटकातलं होतं. पोरांना वाटलं, आप्पा चेष्टा करतायत. मला तसं वाटलं नाही. मी पुढच्याच आठवड्यात त्यांना कोल्हापूरला डॉ. शिरीन मुल्लांकडं घेऊन गेले.

तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, म्हणाल्या. औषधांनी वेग कमी होईल, थांबणार नाही. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ते पक्क्या दिवसाचं काय आहे? मला मिळेल का?”

तेव्हा पक्क्या दिवसाची सगळीकडं हवा होती. लोक लग्नात घेत होते, पोराच्या पदवीदानाला घेत होते. पण ते नेमकं काय आहे, हे मलाही धड माहीत नव्हतं. मुल्लाबाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि अगदी सोप्या शब्दांत सांगितलं.

“आपण दिवसभर जे बघतो, ऐकतो, त्याची पहिली नोंद मेंदूच्या एका लहानशा भागात होते. ती कच्ची असते. झोपेत मेंदू त्यातलं थोडं निवडून दुसरीकडं पक्कं करतो, बाकीचं सोडून देतो. म्हणून तर परवाच्या मंगळवारी काय जेवलात ते तुम्हाला सांगता येत नाही. यांच्या आजारात हे पक्कं करणंच बिघडतं. आता हे औषध काय करतं? घेतल्यापासूनच्या आठ तासांत मेंदूतल्या पेशींमधले जे जे सांधे कामाला लागतात, त्यांच्यात एक प्रथिन तयार करवतं. ते प्रथिन झिजलं की स्वतःसारखंच नवं घडवतं. म्हणून तो सांधा सुटत नाही. पुढं बाकीचं पुसट झालं तरी तेवढा दिवस जसाच्या तसा राहतो.”

“मग रोज का नाही द्यायचं?” निनादनं विचारलं. निनाद म्हणजे माझा नवरा, आप्पांचा एकुलता एक मुलगा. तो आणि माईही बरोबर आले होते.

“कारण हे औषध मेंदूपर्यंत न्यायला एका निरुपद्रवी विषाणूचं रिकामं कवच वापरतात. पहिल्यांदा शरीर त्याला ओळखत नाही, जाऊ देतं. पण नंतर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनतात. दुसऱ्यांदा घेतलं की ती कवचं रक्तातच पकडली जातात. वर काही पोचत नाही. म्हणून आयुष्यात एकदाच.”

“आणि मी ओळखू येईन का हो यांना?” माईंनी एकदम विचारलं.

मुल्लाबाई त्यांच्याकडं वळल्या. “पुढं पुढं माणसं ओळखणं अवघड जाईल. पण त्या दिवसात जी माणसं असतील, ती यांच्याकडं राहतील. त्या दिवशी जशी होती, तशी. एक लक्षात ठेवा, हे औषध निवड करत नाही. ठेच लागली तर तीही राहते, भांडण झालं तर तेही.”

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात तेवढंच एक वाक्य. त्या दिवशी जशी होती, तशी. म्हणजे आम्ही आठ तास जसे वागू, तसेच आप्पांना शेवटपर्यंत दिसणार. लोकांनी काय काय माती केली होती, ते आम्हाला माहीत होतंच. निनादच्या मामेभावानं स्वतःच्या लग्नात घेतलं. आता त्याला व्हिडिओवाल्याची पाठ आणि नव्या बुटानं चावलेली टाच जन्मभर आठवणार आहे. बायकोचा चेहरा म्हणे अधूनमधून दिसतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लेकीच्या परदेशातल्या घराच्या वास्तुशांतीला घेतलं आणि सहा तास विमानतळावर अडकून पडल्या. आमच्याकडं असलं काही होऊ द्यायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं.

दिवस कुठला, ते आप्पांनीच सांगितलं. “मला पोरांना घेऊन जत्रेला जायचंय. मोठ्यातल्या मोठ्या जत्रेला.”

त्यामागं कारण होतं. निनादच्या लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी असायच्या, मे महिन्यात बालनाट्याचं शिबिर. या घराची सहल म्हणून कधी झालीच नाही. आणि पाटणच्या डोंगरात, धरणाच्या काठावर, नवलनगरी नुकती सुरू झाली होती. काय नव्हतं तिथं! खालून वारा सोडून माणसाला अधांतरी तरंगवणारं तरंगघर, धरणाच्या तळापर्यंत जाणारी काचेची पाताळगाडी, प्रकाशानं उभी केलेली पन्नास वर्षांपूर्वीची पेठ. आमची ओवी, तेव्हा वय वर्षं अकरा, तिला तर तिथल्या पाळण्यांची उंचीसुद्धा पाठ होती.

मग काय, मी पदर खोचला. आता साडी कोण नेसतं, पण म्हणायची पद्धत. सहा महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर नवलनगरीचा नकाशाच पसरलेला असायचा. ताटं हातात घेऊन जेवायचो. तरंगघरात आधी जायचं की जेवणानंतर, यावर एक अख्खा रविवार गेला. निनादला गोल फिरणारं काही सोसत नाही. माईंना उंची सोसत नाही. ओवीला आम्ही दोघंही सोसत नाही.

“पाताळगाडीत आजोबांच्या शेजारी मी,” ओवी.

“तिथं आई बसेल,” निनाद.

“मला नको ती पाताळगाडी! पाण्याखाली काच फुटली म्हणजे?” माई.

“माई, त्या दिवशी असलं काही बोलायचं नाही हं,” मी.

झालं. इथून सुरुवात झाली. मी एकेकाला नियम घालून द्यायला लागले. माईंनी त्या दिवशी आप्पांना “अहो, हळू”, “अहो, मफलर” करायचं नाही. निनादनं फोन बघायचा नाही आणि पुण्याच्या नोकरीचा विषय काढायचा नाही, कारण तो निघाला की बापलेकाचं वाजतंच. ओवीनं तोंड फुगवायचं नाही. आणि मी? माझा नियम घरच्यांनी एकमतानं केला. मुग्धानं ओरडायचं नाही. मी तोही मान्य केला. महिनाभर आरशासमोर हळू बोलायचा सराव केला. ओवी म्हणाली, “आई, तू लिफ्टमधल्या बाईसारखी बोलायला लागलीस.”

तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मी कुठं काय बोलायचं, तेसुद्धा लिहून काढलं. पाताळगाडीत निनाद म्हणणार, “आप्पा, तुमच्यामुळं आज आम्हाला हे बघायला मिळालं.” पेठेत माई म्हणणार, “आपलं लग्न झालं तेव्हा अस्संच होतं नाही!” आप्पा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत असायचे. फक्त एकदा म्हणाले, “संहिता बरी आहे. जरा गोड झालीय.”

जायच्या आधीच्या रविवारी आप्पांनी फर्मान काढलं. “रंगीत तालीम झाल्याशिवाय प्रयोग नाही.”

मला आनंदच झाला. निनादनं कपाळाला हात लावला, पण सकाळी आठला तोच खुर्च्या सरकवायला पुढं होता. आप्पांनी हॉलच्या फरशीवर खडूनं खुणा केल्या. हे प्रवेशद्वार, ही पाताळगाडी, स्वयंपाकघर म्हणजे उपाहारगृह, आमची झोपायची खोली म्हणजे तरंगघर. पॅसेजमध्ये रांग. सगळ्यांनी सहलीचे कपडे घातले होते. माईंनी शेंगदाण्याची चटणी, दशम्या, सगळं खरोखरचं बांधून घेतलं होतं. रंगीत तालीम म्हणजे रंगीत तालीम.

पक्क्या दिवसाच्या डबीत दोन फवारे येतात. एक सरावाचा, पांढऱ्या टोपणाचा. त्यात नुसतं मिठाचं पाणी. नाकात कसा मारायचा, श्वास कधी ओढायचा, हे म्हाताऱ्या माणसांना जमावं म्हणून. दुसरा खरा, निळ्या टोपणाचा. दोन्ही एकाच डबीत, आमच्या फ्रीजमध्ये इडलीच्या पिठाच्या मागं ठेवले होते. नऊ वाजता, प्रवेशद्वाराच्या खुणेवर उभं राहून, आप्पांनी आमच्याकडं पाठ केली, फवारा मारला आणि वळून म्हणाले, “हं. पडदा.”

सकाळ चांगली गेली. चांगली म्हणजे, आम्ही सगळे आपापली वाक्यं म्हणत होतो. निनाद “तुमच्यामुळं आज आम्हाला” असं म्हणताना घसा खाकरत होता. माईंचं वाक्य दोनदा चुकलं. मी गोड आवाजात “किती छान ना, आप्पा” म्हणत होते. आप्पा आमच्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडं टक लावून बघत होते. एवढं काय बघतायत, असं मला वाटलं खरं, पण दिग्दर्शक आहेत, बघणारच.

दुपारी उपाहारगृहाचा प्रवेश आला. ताक काढायला मी फ्रीज उघडला. इडलीच्या पिठाच्या मागं डबी होती. डबीचं झाकण उघडं होतं. आत पांढऱ्या टोपणाचा फवारा तसाच, हात न लावलेला. निळा नव्हता.

मला आधी कळेचना. मग सकाळचा फवारा आठवला. मी बाहेर आले. आप्पा टेबलाशी बसून दशमीला चटणी लावत होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून निळं टोपण डोकावत होतं.

आणि मग मी ओरडले. ओरडणारच! सहा महिन्यांचं साठलेलं होतं.

“आप्पा! अहो, काय केलंत हे? एकच होता! आख्ख्या जन्मात एक! सहा महिने मी जिवाचं रान केलं आणि तुम्ही तो या खुर्च्यांवर घालवलात? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

बोलून गेले आणि मला कळलं की मी काय बोलले. कुणाला बोलले. आणि ते आता कुठं जाऊन बसलं. निनादच्या हातातली वाटी तशीच राहिली. ओवी रडायच्या बेतात. या माणसाला पुढं माझं नाव आठवणार नाही, मी केलेली पुरणपोळी आठवणार नाही, त्यांच्या नाटकात मिळवलेलं बक्षीस आठवणार नाही. आणि हे मात्र आठवणार.

“आहे ठिकाणावर,” माई म्हणाल्या. शांतपणे ताक वाढत होत्या. “मला सांगून केलंय त्यांनी. विसरलो तर आठवण कर, म्हणाले होते. सकाळी मीच काढून दिला फ्रीजमधनं.”

“माई, तुम्ही?”

“मग? रंगीत तालमीत खोटं चालत नाही, एवढं चाळीस वर्षांत मलाही कळलंय.”

आप्पांनी दशमी खाली ठेवली. “बस मुग्धे. निनाद, तूही बस. ओवी, इकडं ये बाळ.” ओवी त्यांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. “सहा महिने मी तुमचं वाचन ऐकतोय. चांगलं बसवलंय तुम्ही. पण नवलनगरीत तुम्ही सगळे पाठ केलेलं बोलणार होतात. आठ तास. हा भांडणार नाही, ही ओरडणार नाही, ही मला मफलर घाल म्हणणार नाही. मग मी जन्मभर बरोबर काय घेऊन बसणार? माझ्या घरात अशी माणसंच नाहीत. मला ती नकोत.”

“पण आप्पा, तालमीत तरी आम्ही तेच बोलत होतो की,” निनाद म्हणाला.

“होय की. सकाळभर तेच बोललात. मला घाम फुटला होता, म्हटलं आपली चाल फसली आता. पण तालमीत कुणीतरी चुकतंच, यावर माझा भरवसा होता.” आप्पा हसले. “नाटकाच्या प्रयोगाचं मला कधीच काही आठवत नाही बघ. दिवे डोळ्यांवर असतात. आठवतात त्या तालमी.”

मी हळूच त्यांच्या शेजारी बसले, आवाज गोड केला आणि म्हटलं, “आप्पा, माफ करा हं, मी उगाच...”

“परत लागली लिफ्टमधली बाई!”

यावर ओवी फिस्सकन हसली. मग मला हसू आलं आणि हसता हसता रडायलाच आलं. चांगलं भोकाड पसरून रडले. आप्पा शेजारी बसून दशमी खात होते आणि मधूनमधून माझ्या पाठीवर थोपटत होते. चटणीचा हात माझ्या नव्या कुर्त्याला पुसला. मी तेही बोलून दाखवलं.

त्यानंतरचे तास कसे गेले ते मला विचारू नका, कारण मी काही फवारा मारलेला नव्हता. पण थोडं सांगते. माईंनी आप्पांना मफलर घालायला लावला, भर दुपारी. निनादनं पुण्याच्या नोकरीचा विषय काढला आणि दोघांचं कडाक्याचं वाजलं. त्यातच निनाद म्हणाला की पहिलीत असताना मी स्टेजवर एकच वाक्य विसरलो होतो आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता, त्याचा मला अजून राग आहे. आप्पा म्हणाले, “मी तुझ्यावर रागावलो नव्हतो रे. एवढ्याशा पोराला दिव्यात उभं केलं म्हणून स्वतःवर चिडलो होतो. ते तुला सांगायला जमलं नाही.” निनाद उठून गॅलरीत गेला. आप्पाही मागोमाग गेले. बराच वेळ दोघं कठड्याला टेकून उभे होते. ओवीनं मग आजोबांना पत्त्यांत सलग हरवलं आणि लबाडी केली, ती पकडली गेली तरी कबूल झाली नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला आप्पांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “पडदा.” कुणीच जागचं हललं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही नवलनगरीला गेलोच. जायचंच होतं. धुवाधार पाऊस, पाताळगाडी बंद, तरंगघरातून उतरल्यावर निनादला भडाभडा उलटी. मी तिथल्या रांगेत घुसणाऱ्या एका गृहस्थांवर असा आवाज चढवला की मागचे लोक टाळ्या वाजवायला लागले. इतकी मजा मला कुठल्याच सहलीत आली नव्हती. आप्पांनी तरंगघरात हवेत मांडी घालून बसायचा प्रयत्न केला. पंधरा दिवसांनी त्यांना विचारलं तर म्हणाले, “नवलनगरी? जायचंय ना आपल्याला? कधी?” आम्ही सांगायचो, जाऊ की. ते खूश व्हायचे.

चार वर्षं झाली. मुल्लाबाई म्हणाल्या तसंच होत गेलं. आधी आठवणीतून मंडळातली माणसं गेली, मग आमची गल्ली, मग वार आणि महिने. तो दिवस मात्र होता. माईंनी मफलर पुढं केला की आप्पा म्हणायचे, “आली हिची भर दुपारची थंडी.” निनाद गॅलरीत उभा राहिला की त्याच्या शेजारी जाऊन कठड्याला टेकायचे. ओवी पंधरा वर्षांची झाली, ताडमाड वाढली. तरी तिनं पत्ते पिसले की लगेच “ए लबाड” म्हणायचे.

फक्त मलाच ओळखेनात.

मी चहा घेऊन गेले की ते सावरून बसायचे आणि अदबीनं म्हणायचे, “बसा ना. आपण कुणाकडच्या?” मी म्हणायची, “आप्पा, मी मुग्धा.” ते मान डोलवायचे. “वा, आमच्या सुनेचंही नाव मुग्धाच आहे. येईल इतक्यात.” आणि दाराकडं बघत बसायचे.

मी कुणाला बोलले नाही, पण मला आतून फार लागलं होतं. वाटायचं, एकच वाईट क्षण माझा होता, तोही त्यांनी मनातून काढून टाकला की काय. मला काढून टाकलं की काय. मी आणखी हळू बोलायला लागले, आणखी जपून. अशा रुग्णांशी शांत, मृदू आवाजात बोलावं, असं सगळीकडं सांगतात. मी चार वर्षं तेच तर करत होते. ते मात्र मला जास्तच अहो-जाहो करत होते. एकदा तर मला म्हणाले, “बाई, तुम्ही फार सोसता हो सगळ्यांचं.” मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

मागच्या श्रावणातली गोष्ट. सकाळची वेळ. मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. आप्पा तिथं प्लास्टिकच्या स्टुलावर चढले होते. गिरणीतला जुना फिटर जागा झाला असणार. वरचा दिवा लुकलुकत होता, तो बघायला हात वर केला होता. कठडा त्यांच्या गुडघ्याएवढा, खाली चार मजले. स्टूल डुगडुगत होतं.

शांत नाही की मृदू नाही. चार वर्षांचं सगळं एकदम बाहेर पडलं.

“आप्पा! उतरा आधी खाली! अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?”

समोरच्या इमारतीतली खिडकी उघडली. आप्पा दचकले नाहीत. हात खाली घेतला, माझ्या खांद्याचा आधार घेऊन सावकाश स्टुलावरून उतरले आणि माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं. त्यांचा आख्खा चेहरा उजळला.

“मुग्धे! आलीस होय!” दोन्ही हातांनी त्यांनी माझे खांदे धरले. “कुठं होतीस गं इतके दिवस? इथं एक फार गरीब बाई येते चहा द्यायला. तिला विचारत होतो, आमची मुग्धा कधी येणार म्हणून.”

ते वाट बघत उभे होते. मग म्हणाले, “ओरड की आणखी. थांबलीस का?”

मी मुल्लाबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी सांगितलं होतं ना, त्या दिवशी जशी होती, तशी. तुम्हीच त्यांना वेगळ्या बाई वाटत होता.” मृदू आवाजाचं काय करू, विचारलं तर हसल्या आणि म्हणाल्या, “तो राहू दे माझ्यासाठी.”

समोरच्या इमारतीत आता माझी चांगलीच बदनामी झाली आहे. म्हाताऱ्या सासऱ्यावर सकाळी उठल्या उठल्या खेकसते म्हणे. खालच्या काकूंनी तर निनादला बाजूला घेऊन समजावलं, बायकोला जरा आवर. तो होय होय म्हणाला आणि वर येऊन मला सांगताना पोट धरून हसला.

म्हणू देत. रोज सकाळी मी चहाचा कप घेते, आप्पांच्या खोलीचं दार ढकलते, एक हात कमरेवर ठेवते आणि बेंबीच्या देठापासून ओरडते, “आप्पा! अजून अंथरुणातच? चहा कोण पिणार?”

पांघरूण खाली सरकतं. आप्पा डोळे उघडतात आणि माईंना हाक मारून सांगतात, “अगं, मुग्धा आली बघ.”